नऊ इंची धुराडे आणि पहाटेची चूल

१९६१ सालच्या जानेवारीत, एका रविवारी दुपारी, मी अमरावतीच्या एका वसतिगृहाच्या नव्या चुलीबद्दल अहवाल लिहून दिला. अहवाल तीन वाक्यांचा होता. चुलीची बांधणी बरोबर आहे. धुराड्याची ओढ चांगली आहे. स्वयंपाकघरात धूर होतो तो हाताळणीच्या दोषामुळे. या अहवालावरून स्वयंपाकीण सयाबाई तायडे यांना महिनाअखेर काम आणि राहती खोली सोडण्याची नोटीस मिळाली.

पहिली दोन वाक्ये खरी होती. तिसरे नव्हते.

मी तेव्हा अकोल्याच्या एका जिनिंग-प्रेसिंग कारखान्यात बॉयलर फोरमन होतो. कापसातून सरकी काढणे आणि रुईच्या गाठी दाबणे हे तिथले काम. यंत्रे वाफेवर चालत. वाफ बॉयलरची, बॉयलरचा जाळ माझा. आमचे मॅनेजर देशमुखसाहेब त्या वसतिगृहाच्या समितीचे सचिव होते. त्यामुळे वसतिगृहात लोखंड, वाफ किंवा धूर यांच्याशी संबंधित काही निघाले की ते मला बोलावत.

वसतिगृहात साठ मुले होती. दर्यापूर, मोर्शी, नांदगाव खंडेश्वर या बाजूच्या खेड्यांतून आलेली. स्वयंपाक सयाबाई करत. त्या दर्यापूरकडच्या. नवरा वारल्यावर दोन मुलींना घेऊन आल्या होत्या. स्वयंपाकघरामागची एक खोली त्यांना राहायला होती. काम गेले तर खोलीही जाणार होती.

त्यांच्या डोळ्यांना सतत पाणी येई. दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितले की धुरात बसणे थांबले नाही तर नजर जाईल. सयाबाईंनी हे गृहपाल इंगळे यांना सांगितले आणि इंगळ्यांनी समितीपुढे ठेवले. समितीने ठरवले, धूर बाहेर नेणारी चूल बसवायची. देशमुखसाहेबांनी मला केबिनमध्ये बोलावले.

"राऊत, साठ फुटी चिमनी सांभाळता तुमी. एक चूल नाई होनार?"

"होईल साहेब."

"मंग झालं."

चूल निवडायला मी नोव्हेंबरात अमरावतीला गेलो. पर्याय तीन होते. पहिला, ओतीव लोखंडाची बंद चूल. एका जुन्या बंगल्यातले सामान विकायला निघाले होते, त्यात ती होती. तिला जाळाचे दार, हवेचे दार, वर चार झाकणे. धूर एका नळकांड्यातून बाहेर जाई. मला ती पसंत होती. दुसरा, लाकडाच्या भुशाची शेगडी. ती लगेच बाद झाली, कारण वसतिगृहाला जळण भुशाचे मिळत नव्हते, पऱ्हाट्यांचे मिळत होते. पऱ्हाटी म्हणजे कापूस वेचून झाल्यावर उपटलेले वाळके झाड. मुलांच्या घरून त्यांच्या गाड्याच्या गाड्या येत. तिसरा पर्याय, विटांची चूल बांधून तिच्यावर लोखंडी प्लेट बसवणे.

मी सयाबाईंना बंद चूल पाहायला नेले. त्यांनी जाळाचे दार उघडले, आत हात घालून पाहिला, दार लावले.

"ह्याच्यात भाकर कुठं शेकू?"

"वर. तव्यावर."

"तव्यावर भाजते. मंग शेकाले निखारा लागते. कुठं उभी करू भाकर? तुमच्या डोक्यावर?"

इंगळे हसले. मी हसलो नाही, पण मुद्दा बरोबर होता. ज्वारीची भाकरी तव्यावरून काढून चुलीच्या तोंडाशी, निखाऱ्यासमोर उभी करतात. तेव्हा ती फुगते. बंद चुलीला तोंडच नसते. रोज दोन वेळा साठ मुलांच्या भाकऱ्या करायच्या तर चुलीला उघडे, रुंद तोंड पाहिजे. बंद चूल तिथेच राहिली.

तिसरा पर्याय घेतला. विटांची चूल, आत जाळी, वर जुन्या बॉयलरच्या पत्र्याची प्लेट, प्लेटला दोन भोके. तोंड चौदा इंच रुंद आणि बिनदाराचे. हे मला खटकत होते. जाळावर ताबा ठेवायचा तर आत जाणारी हवा मोजून द्यावी लागते. उघड्या तोंडाला ती मोजता येत नाही. त्याची भरपाई मी धुराड्यात करायचे ठरवले. तोंड मोठे, म्हणून हवा जास्त, म्हणून धुराडे मोठे. नऊ इंच व्यास आणि अठरा फूट उंची धरली. कागदावर हिशेब बरोबर होता.

धुराडे घराबाहेरून नेले. छप्पर कवेलूंचे, खाली लाकडी फाटे. तापलेला पाइप त्यातून वर काढला तर फाटे पेटण्याची भीती आणि पावसाळ्यात गळती. म्हणून चुलीमागच्या भिंतीला भोक पाडून पाइप आडवा बाहेर काढला आणि बाहेरच्या अंगाने उभा नेला. पूर्वेला विहीर होती, उत्तरेला गल्ली. भिंत मिळाली ती पश्चिमेची.

पत्रा काळा, जाड. चार-चार फुटांचे तुकडे आमच्याच वर्कशॉपमध्ये वळवून रिव्हेट मारले आणि कारखान्याच्या ट्रकने पाठवले. जोडताना वरच्या तुकड्याचे टोक खालच्याच्या आत बसवले. छपराचे पत्रे बसवणारा माणूस याच्या उलट करतो, कारण त्याला पाऊस बाहेर ठेवायचा असतो. धुराड्यात आतून काळे चिकट पाणी ओघळते. ते सांध्यातून बाहेर येऊ नये म्हणून ही पद्धत. पाइप छपराच्या आढ्यापेक्षा तीन फूट वर काढला. टोकावर पत्र्याची टोपी बसवली. वाऱ्याने हलू नये म्हणून तारांचे तीन ताण दिले. बुडाशी, जमिनीपासून सहा इंचांवर, एक लहान दार ठेवले. खाली पडलेली काजळी तिथून काढायची. कारखान्यात आम्ही त्याला सूट डोअर म्हणतो.

डिसेंबरातल्या एका रविवारी दुपारी चार वाजता चूल पेटवली. धूर सरळ वर गेला. मी चुलीच्या तोंडाशी उदबत्ती धरली. तिचा धूर आत ओढला गेला. ओढ तपासायची ती साधी रीत आहे. सयाबाईंनी पहिली भाकरी शेकली आणि माझ्याकडे पाहून मान हलवली. मी संध्याकाळच्या गाडीने अकोल्याला परतलो.

आठ दिवसांनी देशमुखसाहेब बॉयलर हाउसमध्ये आले.

"इंगळ्यांचं पत्र आलं. धूर होऊन राह्यला म्हनते."

"शक्य नाही साहेब."

"मी थोडीच म्हनून राह्यलो? ते म्हनते."

सीझन चालू होता. दसऱ्यापासून उन्हाळ्यापर्यंत कारखाना रात्रंदिवस चाले. मला सुटी फक्त रविवारी. सकाळच्या पॅसेंजरने निघायचे, बडनेऱ्याला गाडी बदलायची, वसतिगृहात पोचायला साडेअकरा. मी पोचलो. सकाळचा स्वयंपाक आटोपून चूल विझली होती. मी ती पुन्हा पेटवायला सांगितली. धूर वर गेला. उदबत्ती लावली. ओढ चांगली होती.

पुढच्या रविवारी पुन्हा तक्रार, पुन्हा तीच गाडी, पुन्हा साडेअकरा. धूर वर गेला.

"पाहा," मी इंगळ्यांना म्हणालो.

"आता नाई ना येत," सयाबाई म्हणाल्या. "सकायी येते. सकायी या साहेब."

"चूल तीच, पाइप तोच. सकाळी वेगळं काय होणार?"

"ते मले कसं ठाऊक? तुमी फोरमन."

मी त्यांना जळण कसे घालता ते विचारले. त्यांनी दाखवले. पऱ्हाट्यांची मोळी तोंडात एकदम सारली होती. एवढे जळण एका वेळी घातले की जाळ तोंडाबाहेर येतो. मला दोष सापडला असे वाटले. तिथेच इंगळ्यांच्या टेबलावर बसून मी ती तीन वाक्ये लिहिली. "सकाळी येते" हे मी वहीत टिपले नाही.

समितीची बैठक त्याच आठवड्यात झाली. तज्ज्ञाचा अहवाल आला, चूल निर्दोष ठरली, म्हणजे बाईंना नवी चूल जमत नाही, असा अर्थ समितीने काढला. डोळ्यांचे कारण होतेच. दुसरा माणूस ठेवावा असे ठरले.

हे मला कळले ते सयाबाईंकडून. गुरुवारी दुपारी कारखान्याचा चौकीदार सांगत आला, "फोरमनसाहेब, अमरावतीची एक बाई आली. चुलीचं काही बोलते." त्या एस.टी.ने आल्या होत्या. बॉयलर हाउसच्या दाराशी उभ्या होत्या. हातात घडी केलेला कागद.

"जयभीम साहेब. ह्याच्यावर तुमची सही हाये काय?"

मी कागद वाचला. "ही समितीची नोटीस आहे. सही सचिवांची आहे."

"मंग तुमचं नाव काहून हाये ह्याच्यात?"

नाव होते. 'फोरमन श्री. राऊत यांच्या अहवालास अनुसरून.'

"सयाबाई, मी दोनदा आलो. दोन्ही वेळा धूर नव्हता. जे पाहिलं ते लिहिलं."

"तुमी बारा वाजता पायलं. भाकरी मी पाच वाजता टाकतो. दहा वाजता पोरं शाळेत जाते. बारा वाजता कोनाले भाकर पायजे? तुमाले?"

भट्टीत जळण घालणाऱ्या फायरमनने तोंड फिरवले. मी त्यांना बाकावर बसायला सांगितले. त्या बसल्या नाहीत. त्या चिमणीकडे पाहत होत्या. बॉयलर हाउसच्या छपरातून ती वर जाते, खालून तिचा विटांचा पाया दिसतो.

"हा जाळ कधी इझते?"

"सीझन संपल्यावर."

"रोज नाई इझत?"

"नाही. रविवारी यंत्रं बंद असली तरी निखारे राखेखाली झाकून ठेवतो. भट्टी गार पडत नाही."

"म्हंजे थंडी चिमनी तुमी पायलीच नाई."

"पाहतो ना. दसऱ्याला. पूजा करून बॉयलर सुरू करतो तेव्हा चिमणी पाच महिन्यांची गार असते."

"मंग तवा धूर येत नाई?"

"येतो. म्हणून आधी चिमणीच्या बुडाशी तेलाच्या चिंध्या जाळतो. चिमणी तापली की..."

मी थांबलो.

"सांगा ना," सयाबाई म्हणाल्या. "तापली की काय?"

तापली की ओढ धरते. गार हवा जड असते. गार पाइपमध्ये ती बुचासारखी बसते. चुलीचा धूर सुरुवातीला कोमट असतो, त्याला ते बूच लोटता येत नाही आणि तो जवळच्या वाटेने परततो. इथे जवळची वाट म्हणजे चौदा इंचांचे तोंड. पाइप घराच्या आत असता तर खोलीच्या उबेने थोडा तरी तापलेला राहिला असता. माझा पाइप बाहेर होता, पत्र्याचा होता आणि गरजेपेक्षा मोठा होता. रात्रभर थंडीत उभा राहिलेला. दुपारी मात्र सकाळच्या जाळाने आणि उन्हाने तो तापलेला असे. संध्याकाळी पश्चिमेचे ऊन थेट त्याच्यावर पडे. मी त्याची परीक्षा प्रत्येक वेळी तापलेला असतानाच घेतली होती.

मी सयाबाईंना एवढेच म्हणालो, "शनिवारी मुक्कामाला येतो. सकाळी पाहू."

"पाच वाजता उठान?"

"उठेन."

देशमुखसाहेबांकडे सोमवारची सुटी मागितली.

"सीझनमंदी सोमवार?"

"रविवारी एकदा पाहायचं आणि सोमवारी पुन्हा. एकदा पाहून मी आधीच फसलो आहे."

त्यांनी सुटी दिली.

रविवारी पहाटे पाच वाजता मी पश्चिमेच्या भिंतीशी उभा होतो. पाइपला हात लावला. दवाने ओला होता. बोटे बधिर झाली. आत इंगळे मफलर गुंडाळून बसले होते. सयाबाईंनी चूल पेटवायच्या आधी मी तोंडाशी उदबत्ती धरली. तिचा धूर आत गेला नाही. तो माझ्याकडे आला. पाइपमधली गार हवा उलटी खाली उतरून खोलीत येत होती.

सयाबाईंनी नेहमीसारखी चूल पेटवली. या वेळी जळण थोडेच होते, मी सांगितले होते तेवढे. पहिल्या मिनिटात धूर आढ्याला लागला. दुसऱ्या मिनिटात समोरची भिंत दिसेना. इंगळे खोकत बाहेर गेले. मी चार मिनिटे थांबलो आणि बाहेर आलो. सयाबाई आतच होत्या. त्यांनी परातीत पीठ घेतले होते.

"बाहेर या," मी दारातून म्हणालो.

"भाकरी तुमी टाकता?"

त्या रोज वीस-पंचवीस मिनिटे अशाच बसत होत्या. मग पाइप आपोआप तापे, धूर ओसरे आणि इंगळे उठून येईपर्यंत खोली जवळपास स्वच्छ झालेली असे.

चूल विझवली. अर्धा तास थांबलो. मग मी बाहेर जाऊन बुडाचे लहान दार उघडले, वाळक्या पऱ्हाट्यांची मूठभर काडी आत पेटवली आणि पत्र्याला हात लावून उभा राहिलो. पऱ्हाटी भडकन जळते आणि लगेच संपते. भाकरीला ती तशी गैरसोयीची, या कामाला नेमकी. दोन मुठी जळल्यावर पाइप छातीच्या उंचीपर्यंत गरम लागला. दार लावले. आत उदबत्ती धरली. धूर सरळ चुलीत गेला. चूल पेटवली. खोलीत धूर आला नाही.

इंगळे म्हणाले, "राऊतसाहेब, खरं सांगू? आधी एकदा पेटली होती ना चूल. पाइप तसाच गरम असंल."

शंका रास्त होती. म्हणूनच सोमवार मागितला होता. सोमवारी मी कशालाही हात लावला नाही. सयाबाई कंदील घेऊन बाहेर गेल्या, वाकून दार उघडले, दोन मुठी पऱ्हाट्या जाळल्या, आत येऊन चूल पेटवली. इंगळे सुरुवातीपासून बसून होते. पहिली भाकरी फुगली तेव्हा पाच वाजून वीस मिनिटे झाली होती. इंगळ्यांनी मफलर सोडला.

"झालं," सयाबाई म्हणाल्या. "एवढ्यासाठी एस.टी.नं अकोल्याले जा लागलं."

दुसरा अहवाल मी अकोल्याला येऊन लिहिला आणि देशमुखसाहेबांपुढे ठेवला. त्यांनी तो वाचला आणि पेन काढले.

"हे 'पहिल्या अहवालातील हाताळणीच्या दोषाचा निष्कर्ष चूक होता' काहून लिहिलं? 'किरकोळ सुधारणा केली, आता धूर नाई' असं लिहा. तुमची बी शोभा राहील, समितीची बी."

"तसं लिहिलं तर दोष बाईंचाच राहतो साहेब. नोटीस त्या वाक्यावर आहे."

"समिती मले म्हनन, कसा फोरमन आनला?"

"म्हणू द्या."

"तुमाले काय! ऐकून घ्या लागते मले."

त्यांनी पेन परत खिशात ठेवले. वाक्य राहिले. दुसऱ्या परिच्छेदात मी कारण लिहिले होते. पाइप बाहेरचा व रुंद असून पहाटे गार असतो, तपासणी तिन्ही वेळा पाइप गरम असताना झाली, स्वयंपाकिणीने सकाळची वेळ सांगितली होती, ती तपासली गेली नाही.

महिना संपायला चार दिवस असताना नोटीस मागे घेतल्याचे पत्र गेले. त्याची नक्कल मला मिळाली. त्यात माझे नाव नव्हते.

सीझन संपल्यावर मे महिन्यात मी धुराडे उतरवले. नऊ इंचांच्या जागी सहा इंचांचे बसवले. खालच्या आठ फुटांना बाहेरून दुसऱ्या पत्र्याचे वेष्टन दिले आणि मधल्या जागेत राख भरली, म्हणजे आतला पाइप लवकर गार होत नाही. चुलीच्या तोंडाला काढता-घालता येईल अशी पत्र्याची झडप केली. पेटवताना लावायची, भाकरी शेकताना काढायची. थंडीत पऱ्हाटीची मूठ तरीही लागे, पण दोनाऐवजी एक.

त्यानंतर कोणी धुराच्या तक्रारीसाठी बोलावले की मी आधी एक प्रश्न विचारू लागलो. चूल शेवटची कधी विझली? आणि पेटवायच्या वेळी तिथे हजर राहू लागलो. बहुतेक घरांत ती वेळ पहाटेची निघाली.

१९६७ मध्ये वसतिगृहाची नवी इमारत बांधायला घेतली. स्वयंपाकघराचा नकाशा कंत्राटदाराने माझ्याकडे तपासायला पाठवला. चूल विटांची, तोंड चौदा इंच, धुराडे बाहेरून, सहा इंची. एक गोष्ट माझ्या जुन्या आखणीत नव्हती. धुराड्याला दोन दारे दाखवली होती. खालचे, सहा इंचांवर, 'काजळी'. वरचे, अडीच फुटांवर, 'पेटवण'.

अडीच फूट कशावरून घेतले, असे मी कंत्राटदाराला पत्राने विचारले. उत्तर आठवड्याने आले. वाकावे लागू नये म्हणून एवढी उंची सयाबाईंनी हाताने दाखवली, ती टेपने मोजून घेतली, असे त्यात होते.

मी नकाशावर सही करून परत पाठवला.